पाण्यातील जड धातू दाखविणारे विद्युतवाहक प्लॅस्टिक

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात शहराच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी पालक, मेथी आणि कोथिंबीर करणारे एक शेतकरी पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे आले. त्या आठवड्यात सांडपाण्यावरच्या भाज्यांविषयी वर्तमानपत्रात बातमी छापून आली होती आणि त्यांच्या पालकाची जुडी बाजारात कोणी हातात घेईना. "सर, यात विष आहे की नाही एवढंच सांगा. घरात आम्हीपण हाच पालक खातो," असे ते म्हणाले.

पाणी तपासणीस पाठविले. अहवाल आला एकविसाव्या दिवशी. तोवर त्या वाफ्यांची कापणी होऊन दुसरा फुटवा वर आला होता. अहवालात शिसे आणि कॅडमियम मर्यादेच्या आत होते, मात्र जस्ताचे प्रमाण भलतेच जास्त दाखविले होते. कारण शोधायला मी शेतावर गेलो. काकांनी नमुना जस्ती बादलीने उपसून मग बाटलीत भरला होता. बादलीच्या मुलाम्याचे जस्त पाण्यात उतरले होते. चूक त्यांची नव्हती, माझी होती. भांडे कोणते घ्यावे हे मी सांगितलेच नव्हते. तीन आठवडे आणि तपासणीचा खर्च वाया गेला.

तेव्हापासून बांधावर, अर्ध्या तासात, शिसे-कॅडमियम मोजता येईल का या प्रश्नाच्या मागे मी आहे. या कामासाठी जगभर ज्या पदार्थांवर संशोधन चालू आहे त्यांत विद्युतवाहक बहुवारिकांचे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकचे, मिश्रण महत्त्वाचे आहे. त्याची माहिती या लेखात देत आहे.

थोडेसे असूनही घातक

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त यांना सर्वसाधारणपणे जड धातू म्हणतात. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नसला तरी त्यांच्याच पंगतीला बसविला जातो. यांतील जस्त आणि तांबे पिकाला व माणसाला थोड्या प्रमाणात लागतातच. शिसे, कॅडमियम आणि पारा यांची मात्र शरीराला कशासाठीही गरज नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने ठरविलेली मर्यादा लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम अशी आहे. ओलिताच्या पाण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ साली दिलेले आकडे आजही सर्वत्र वापरले जातात. त्यानुसार दीर्घकाळ वापरायच्या पाण्यात लिटरमागे कॅडमियम ०.०१, तांबे ०.२, निकेल ०.२, क्रोमियम ०.१, जस्त २ आणि शिसे ५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. शिशाचा आकडा इतका मोठा कसा, असे वाचकांना वाटेल. शिसे मातीत घट्ट धरले जाते, मुळातून वर फारसे चढत नाही, म्हणून तो सैल आहे. कॅडमियमचे तसे नाही. ते मुळातून पानात सहज जाते आणि बहुतेक वेळा पीक हिरवेगार दिसत असतानाच जाते. पान पिवळे पडून इशारा मिळेल, या भरवशावर राहता येत नाही.

०.०१ मिलिग्रॅम म्हणजे एक लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. वीस लाख लिटरच्या शेततळ्यात वीस ग्रॅम. हे प्रमाण नगण्य वाटते, पण वर्षाचा हिशेब करून पाहावा. बारमाही पालेभाजीला वर्षाकाठी १०० हेक्टर-सेंटिमीटर पाणी दिले तर ते हेक्टरी एक कोटी लिटर होते. त्यातून मातीत कॅडमियम येईल १०० ग्रॅम. नांगरटीच्या थरातील माती हेक्टरी सुमारे २२.४ लाख किलो धरतात. म्हणजे किलोमागे दरवर्षी ०.०४५ मिलिग्रॅमची भर. वीस वर्षांत ती ०.९ मिलिग्रॅम होते. हे झाले मर्यादेच्या आतल्या पाण्याचे. एकदा आलेले कॅडमियम पावसाने सहजी वाहून जात नाही, कुजत नाही, उन्हाने उडून जात नाही.

याचा शेवट कुठे होतो, हे जपानच्या तोयामा भागातील जिन्झू नदीकाठी दिसून आले. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त-शिशाची खाण होती. खाणीचे कॅडमियमयुक्त पाणी नदीत, नदीचे पाणी भातखाचरात आणि तेथून भातात गेले. तो भात वर्षानुवर्षे खाल्लेल्या लोकांची, विशेषतः प्रौढ व वयस्क बायकांची, मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ झाली. खोकल्यानेही बरगडी मोडावी अशी अवस्था झाली. लोकांनी या रोगाला 'इताई-इताई' नाव दिले. त्याचा अर्थ 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली जपान सरकारने कॅडमियम हे या रोगाचे कारण असल्याचे मान्य केले. पुढे तेथे आठशेहून अधिक हेक्टर शेतांच्या मातीचा वरचा थर बदलण्याचे काम काढावे लागले, ते २०१२ साली संपले. आपल्या नाल्याकाठी तशी स्थिती आहे असे म्हणण्याचा उद्देश नाही. पण तिथल्या भात उत्पादकांनाही सुरुवातीला आपले पाणी नदीचेच वाटत होते.

नेहमीच्या तपासणीत हे का दिसत नाही

मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन अशा बारा बाबी असतात. शिसे व कॅडमियम त्यात नाहीत. त्यामुळे पत्रिका चांगली आली म्हणजे जड धातूंचीही चिंता मिटली, असा अर्थ काढू नये.

दुसरा गैरसमज क्षारता मोजणाऱ्या ई.सी. मीटरबद्दल आहे. द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांकडे हे मीटर आता सर्रास असते. "मीटर लावला, पाणी ठीक आहे," असे सांगणारे अनेक जण भेटतात. ई.सी. मीटर पाण्यातील एकूण विद्राव्य क्षार दाखवितो. हे क्षार लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम असतात. त्यात शिशाचा शंभरावा मिलिग्रॅम म्हणजे भरलेल्या बाजारात एका माणसाने खाकरावे तसे आहे.

प्रयोगशाळेत हे धातू अणुशोषण वर्णपटमापी किंवा त्याहून महागड्या प्लाझ्मा यंत्रावर मोजतात. अणुशोषणाची पद्धत ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही ती भरवशाची आहे. अडचण यंत्राची नाही. नमुना तिथे पोहोचणे, रांगेत लागणे आणि कागद परत येणे यात दिवस जातात. पालक ३० ते ३५ दिवसांत काढणीला येतो. अहवाल तीन आठवड्यांनी आला तर तो फक्त गेलेल्या पिकाची माहिती देतो.

वीज लावून धातू मोजण्याची रीत

मधुमेही माणसाच्या घरी रक्तातील साखर तपासण्याचे छोटे यंत्र असते. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला की पट्टीवरील रासायनिक क्रियेतून बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र तो मोजते. पाण्यातील धातू मोजण्याची एक रीत याच जातीची आहे.

पट्टीवरचे विद्युतअग्र पाण्यात बुडवून त्यावर काही मिनिटे ऋण दाब ठेवतात. धातूंचे आयन धनभारित असल्याने ते अग्राकडे ओढले जाऊन त्यावर धातूरूपात जमा होतात. पाण्यात विरळ पसरलेला धातू अशा रीतीने एका टिकलीएवढ्या जागेत गोळा होतो. मग दाब हळूहळू धन बाजूकडे नेतात. आता प्रत्येक धातू आपापल्या ठराविक दाबाला पुन्हा पाण्यात उतरतो. जस्त साधारण ऋण १.१ व्होल्टला, कॅडमियम ऋण ०.८ च्या आसपास, शिसे ऋण ०.५ च्या आसपास आणि तांबे सर्वांत शेवटी. एस.टी. गाडीतले उतारू जसे आपापल्या थांब्यावर उतरतात आणि कोणत्या थांब्यावर किती उतरले ते कंडक्टर मोजतो, तसेच हे. उतरताना जो प्रवाह वाहतो तो आलेखावर टेकडीसारखा दिसतो. टेकडीची जागा धातू कोणता ते सांगते, तिचा आकार धातू किती ते सांगतो.

या पद्धतीचे मूळ चेक शास्त्रज्ञ यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांच्या १९२२ सालच्या कामात आहे. त्यांना १९५९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे अग्र पाऱ्याच्या थेंबाचे होते. पारा या कामाला उत्तम, पण विष शोधायला विषच शेतात न्यायचे, हे बरे दिसत नाही. सन २००० मध्ये जोसेफ वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऱ्याऐवजी बिस्मथ धातूचा पातळ थर चालतो असे दाखविले आणि तेथून बिनपाऱ्याच्या पट्ट्यांचा मार्ग मोकळा झाला. आता प्रश्न राहिला तो अग्रावर धातू जास्तीत जास्त आणि हवा तोच कसा गोळा करायचा हा. येथे विद्युतवाहक प्लॅस्टिक कामाला येते.

प्लॅस्टिकमधून वीज

विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण असते ते वीज बाहेर येऊ नये म्हणून. त्यामुळे प्लॅस्टिक वीज वाहते हे ऐकायला विचित्र वाटते. १९७७ साली हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन नावाच्या बहुवारिकाला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता लाखो पटींनी वाढल्याचे दाखविले. या तिघांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या पदार्थाचा चकाकता पापुद्रा शिराकावांच्या प्रयोगशाळेत प्रथम मिळाला तो एका चुकीमुळे. एका प्रयोगात उत्प्रेरक हजारपट जास्त पडला होता. चुकलेला प्रयोग फेकून न देता तो कशाने चुकला हे त्यांनी पाहिले. (जस्ती बादलीच्या प्रसंगानंतर ही गोष्ट मला विशेष आवडते.)

ही वाहकता कशी येते? या बहुवारिकांच्या लांब साखळीत एकेरी व दुहेरी बंध एकाआड एक असतात. साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या बैलगाड्यांची दाट रांग आठवावी. चाकाला चाक लागलेले असेल तर एकही गाडी हलत नाही. पुढची एक गाडी काट्यावर गेली की मागची पुढे सरकते, तिच्या मागची तिच्या जागी येते आणि मोकळी जागा रांगेतून मागे मागे सरकत जाते. आयोडीन किंवा आम्ल साखळीत अशी मोकळी जागा करून देते आणि मग इलेक्ट्रॉनांची रांग चालू लागते.

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही. शेतीच्या कामासाठी पॉलिॲनिलीन आणि पॉलिपायरोल ही दोन बहुवारिके जास्त सोयीची आहेत. रंग उद्योगात वापरले जाणारे ॲनिलीन आम्लात घेऊन, थंड ठेवून, त्यात अमोनियम परसल्फेट घातले की गर्द हिरवी भुकटी मिळते. हे पॉलिॲनिलीन. मूळ ॲनिलीन विषारी असल्याने हा प्रयोग प्रयोगशाळेबाहेर कोणी करू नये.

पॉलिॲनिलीनच्या साखळीत ठराविक अंतरावर नत्राचे अणू असतात. या नत्राकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि तिने तो धातूचा आयन धरून ठेवतो. आपण कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड झिंक आणतो. त्यात ईडीटीए नावाचा रेणू जस्ताला खेकड्याच्या नांगीसारखा धरून ठेवतो, त्यातही नत्राचा वाटा असतो. येथे तेच काम प्लॅस्टिकची साखळी करते, आणि धरलेल्याची खबर विजेच्या रूपाने स्वतःच देते.

नुसते पॉलिॲनिलीन मात्र ठिसूळ असते आणि बहुतेक द्रावकांत विरघळत नाही. मातीच्या भिंतीला तडे जाऊ नयेत म्हणून गाऱ्यात भुसा कालवतात, तसे त्यात दुसरे पदार्थ मिसळतात. त्यालाच संमिश्र म्हणतात. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या किंवा ग्राफीन घातले की वाहकता आणि पृष्ठभाग वाढतो. कायटोसान घातले की चांगला चिवट पापुद्रा होतो. कायटोसान कोळंबी व खेकड्याच्या टरफलांपासून मिळते, आणि कोळंबीची टरफले आपल्या किनारपट्टीवर कचरा म्हणून पडतात. तेही धातूंना धरते. काही संशोधक शिशाचे आयन हजर ठेवूनच बहुवारिक तयार करतात आणि नंतर शिसे धुऊन काढतात. मागे शिशाच्या मापाचे साचे उरतात, ज्यात पुढे शिसेच चपखल बसते. अशा संमिश्रांच्या पट्ट्यांनी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी शिसे व कॅडमियम ओळखल्याचे अनेक शोधनिबंध आहेत. ओलिताच्या पाण्यातील कॅडमियमची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे संवेदनक्षमता पुरेशी आहे.

नाल्यावर गेल्यावर काय होते

शोधनिबंधातील पाणी बहुधा शुद्ध असते आणि त्यात धातू मोजून घातलेला असतो. नाल्याचे पाणी तसे नसते.

पहिली अडचण सामूची. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तसे पॉलिॲनिलीन आम्लात हिरवे असते आणि अल्कधर्मी पाण्यात निळे पडते. निळे पडले की वाहकता जवळजवळ संपते. आपल्या काळ्या जमिनीच्या भागातील विहिरींचे पाणी बहुधा ७.५ ते ८.५ सामूचे. म्हणून नमुन्यात आधी आम्लधर्मी द्रावण घालून सामू साडेचारच्या आसपास आणावा लागतो. पॉलिपायरोल उदासीन पाण्यात जास्त तग धरते.

दुसरी अडचण मोठी आहे. नाल्याच्या पाण्यातील बराचसा धातू मातीच्या कणांना, साबणाला, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांना चिकटलेला असतो. पट्टी फक्त मोकळे आयन मोजते. गढूळ पाण्यात पट्टीने 'शिसे नाही' असे दाखविले तरी गाळात शिसे असू शकते, आणि तो गाळ ओलिताबरोबर आपल्याच वाफ्यात बसतो. एकूण धातू पाहायचा तर नमुना नायट्रिक आम्लात तापवून घ्यावा लागतो. ते बांधावर करण्यासारखे काम नाही.

तांबे जास्त असले तर ते अग्रावरची जागा अडविते आणि शिशाच्या टेकडीचा आकार बिघडविते. यावर उपाय म्हणून त्याच पाण्यात मोजून-मापून थोडे शिसे घालतात आणि टेकडी किती उंचावली ते पाहून मूळचे प्रमाण काढतात. शिवाय दर मोजणीत पापुद्रा फुगतो आणि आकसतो, त्यामुळे काही दिवसांनी त्याला भेगा पडतात. त्यापेक्षा साखरेच्या पट्टीसारखी एकदा वापरून टाकायची पट्टी बरी, असे माझे मत आहे.

या सर्वांमुळे शेतकऱ्याने स्वतः विकत घ्यावे असे उपकरण म्हणून मी याची आज शिफारस करीत नाही. कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा माती परीक्षणाच्या फिरत्या गाडीत असे यंत्र असावे आणि त्यावर पाण्याची पहिली चाळणी व्हावी, ही जागा त्याला योग्य आहे. दहा विहिरी आणि चार नाल्यांतून संशयास्पद दोन नमुने निवडून तेवढेच प्रयोगशाळेत पाठविले, तरी रांग कितीतरी कमी होईल.

जिवाणूंचा बंदोबस्त

ठिबकच्या नळ्या ज्यांनी सांडपाण्यावर किंवा शेवाळलेल्या तळ्यावर चालविल्या आहेत त्यांना आतला बुळबुळीत थर माहीत आहे. तो जिवाणूंनी केलेला असतो. आपण क्लोरीन आणि आम्ल सोडून तो काढतो. पाण्यात सतत ठेवलेल्या संवेदकावरही हाच थर बसतो आणि संवेदक आंधळा होतो. म्हणून संवेदकाचा पदार्थच जिवाणूरोधक असावा, अशी गरज निर्माण झाली.

पॉलिॲनिलीनच्या हिरव्या रूपात साखळीवर धन भार असतो. जिवाणूच्या पेशीचे बाह्य आवरण ऋणभारित असते. दोन्ही एकमेकांना चिकटतात, आवरण फाटते आणि पेशीतील द्रव्य बाहेर येते. यात चांदीचे किंवा तांब्याचे अतिसूक्ष्म कण मिसळले तर त्यांतून सुटणारे आयन पेशीच्या विकरांना निकामी करतात. प्रयोगशाळेत आतड्यातील ई. कोलाय आणि जखमेत पू करणारा स्टॅफिलोकोकस या दोन्ही जिवाणूंवर असे परिणाम आढळले आहेत. पाणी गाळण्याचे पडदे, फळे-भाज्यांची वेष्टणे यांसाठी या संमिश्रांवर काम चालू आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. तेल्या, करपा, भुरी सर्वांवर रामबाण म्हणून 'नॅनो सिल्व्हर'च्या बाटल्या घेऊन काही विक्रेते गावात फिरतात. पिकावरील रोगासाठी विकल्या जाणाऱ्या कोणत्याही औषधाची कीटकनाशक कायदा १९६८ नुसार नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक, पीक आणि रोगाचे नाव नसेल तर ती घेऊ नये. काचेच्या बशीतील जिवाणू मेला म्हणून डाळिंबाच्या सालीखालचा मरेल, असे होत नाही.

आणि चांदी, तांबे हेही जड धातूच आहेत. तांब्याचा हिशेब द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांनी एकदा मांडावा. मोरचुदात साधारण २५ टक्के तांबे असते. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद पडते. हेक्टरी १००० लिटर फवारले तर १० किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबे एका फवारणीत. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. अशा दोन फवारण्यांतच ती ओलांडली जाते. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत तांबे घट्ट धरले जाते म्हणून वेलीवर परिणाम लवकर दिसत नाही. ते गेले असे मात्र नाही. बोर्डो सोडा, असे मी सांगत नाही. पावसाळ्यात त्याला तोड नाही. पण सवयीने होणाऱ्या जादा फवारण्या टाळाव्यात.

आज हाताशी काय आहे

यंत्र गावात येईपर्यंत नमुना तरी नीट घ्यावा. पाण्यासाठी प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली घ्यावी, शक्य तर प्रयोगशाळेने आम्लाने धुऊन दिलेली. जस्ती बादली, तांब्या-पितळेचे भांडे, लोखंडी दोर लावलेला डबा वापरू नये. मातीसाठी लाकडी किंवा प्लॅस्टिकची खुरपी आणि प्लॅस्टिकचे घमेले वापरावे. पाण्यातील धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नयेत म्हणून नमुन्यात तीव्र नायट्रिक आम्लाचे काही थेंब लागतात. ते प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच घालून घ्यावेत. बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहावी. वेळ लिहायला बहुतेक जण विसरतात, आणि नाल्याच्या बाबतीत वेळेलाच सर्वाधिक महत्त्व आहे. नुसता पाण्याचा नमुना न देता त्या वाफ्याची माती आणि धुतलेला पालाही द्यावा. पाणी क्षणाचे असते, माती वर्षांची.

पाण्याबद्दल शंका असेल तेथे पीक बदलण्याचा विचार करावा. पालक, माठ, लेट्यूस यांसारख्या पालेभाज्या कॅडमियम जास्त खेचतात. टोमॅटो, वांगी, भेंडी, वेलवर्गीय फळभाज्या यांच्या फळात ते तुलनेने कमी उतरते. झेंडू, ॲस्टर, निशिगंध यांसारखी फुलपिके शहराजवळ विकलीही जातात आणि ताटात येत नाहीत. शिसे मात्र पानात मुळातून कमी आणि रस्त्याच्या धुळीतून जास्त येते, म्हणून महामार्गालगतची भाजी दोन-तीन पाण्यांतून धुऊनच बाजारात पाठवावी. धुतानाही पाणी नाल्याचे नको.

जमिनीचा सामू ६.५ च्या वर राहिला आणि सेंद्रिय कर्ब चांगला असला की कॅडमियम पिकाला कमी मिळते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत त्यासाठी चुन्याचा उपयोग होतो. काळ्या जमिनीत चुना मुळातच असतो, तेथे भर कंपोस्टवर द्यावा. शहरी कचऱ्याचे कंपोस्ट घेताना मात्र तपासणीचा दाखला मागावा. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागे कॅडमियम ५, शिसे १०० आणि निकेल ५० मिलिग्रॅमहून जास्त नसावे. उपाय म्हणून आणलेल्या गाडीतूनच कॅडमियम शेतात उतरल्याचे प्रकार अशक्य नाहीत.

नाल्याकाठच्या त्या काकांचा दुसरा नमुना मी स्वतः प्लॅस्टिकच्या बाटलीत, सकाळी दहा वाजता घेतला. त्यात जस्त ठीक निघाले, शिसे आणि कॅडमियम पुन्हा मर्यादेच्या आत. कागद हातात देताना मला वाटले ते खूश होतील. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "सर, हे दिवसा दहाचं पाणी झालं. रात्री दोनला नाल्याला वेगळाच वास येतो, त्याचं काय?"

मार्चअखेरीपासून मेपर्यंत त्यांनी रात्री इंजिन चालविले नाही. पाणी दिवसाच दिले. मी दिलेल्या बारा बाटल्या त्यांच्या झोपडीतल्या फळीवर असतात. वास आला की मुलगा उठून एक भरतो आणि वेळ लिहून ठेवतो.